हाताला लागतंय का बघा

— नाय, ओरडा तुम्ही, ओरडा शेखरभाऊ, मी वाईट मानत नाय. काल मीच म्हणलो ना, न्या जीप, झाली नीट म्हणून? मीच म्हणलो. आणि आज सकाळी उड्डाणपुलावर ती अशी थरथरायला लागली, मागं वेदिका बसलेली, मांडीवर शाळेचं दप्तर — बाप ओरडणारच. रडली का पोरगी? नाय रडली? नुसती गप्प बसली? हं. ते जास्त वाईट. बसा, त्या टायरावर बसा, कोरडा हाय तो.

आता सावकाश सांगा. साठच्या वर होता ना? पासष्ट. आणि पुलाचा सांधा आला, चाक त्याच्यावर आपटलं, आणि स्टिअरिंग इकडनं तिकडं, इकडनं तिकडं, सगळी गाडी हलायला लागली. मग तुम्ही काय केलं — गच्च धरलं. सगळे तेच करतात. धरून नाय थांबत ते, भाऊ. ब्रेकपण एकदम दाबायचा नाय. पाय उचलायचा आणि तिला मंद होऊ द्यायची. चाळीसच्या खाली आली का ती गपगार, जसं काय झालंच नाय. म्हणून तर माणूस फसतो — दुसऱ्या दिवशी परत बसतो तिच्यात.

डॅम्पर? तो स्टिअरिंगचा आडवा शॉक? नका टाकू. मागच्या मेस्तरीनं दोन टाकले ना तुम्हाला? पहिला टाकला का महिनाभर बरं वाटलं असंल, मग परत तेच. अहो, तो थरथर दाबून ठेवतो, पण ती येते कुठनं हे कोण बघणार? लेकराला ताप आला आणि आपण त्याला गोधडीत गुंडाळून ठेवलं, तशातली गत ती. तुम्ही मोठ्या स्प्रिंगा घालून गाडी चार इंच उचललीय. हौस हाय, मी नावं नाय ठेवत. पण खाली एक आडवी दांडी असते — एक टोक वर गाडीच्या सांगाड्याला, दुसरं पुढच्या दोन चाकांमधल्या आक्सलला. आक्सल डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून तिला धरून ठेवते ती. गाडी वर गेली, दांडी तिरपी झाली, आणि सगळा ताण आला तिच्या बोल्टावर. बोल्ट जरा हलायला लागला का भोक खात जातो, गोल भोक लांबट होतं. मग चाकाला धक्का बसला का आक्सल केसभर सरकतं, परत येतं, सरकतं, परत येतं — तेच तुमच्या हातात येतं.

— काल बघितलं का? बघितलं तर. चाकं बॅलन्स केली, हवा कमी केली, सगळे सांधे बघितले. त्या दांडीला पण हात लावला. मग? मग काय... उजेड कमी होता जरा.

नाय. उजेड होता. चार वाजले होते, ऊन इथं पायरीपर्यंत आलेलं. उगाच बोललो मी तसं.

कसं हाय भाऊ, हे डोळ्यानं दिसत नाय. गाडी जॅकवर उचलून तर बिलकुलच नाय — वजन चाकावर पाहिजे. एकानं वर बसायचं, स्टिअरिंग इतकं-इतकं डावीकडं, इतकं-इतकं उजवीकडं करायचं. दुसऱ्यानं खाली निजून बोट ठेवायचं — अर्धं बोट बोल्टाच्या डोक्यावर, अर्धं तो बोल्ट ज्यात बसतो त्या पत्र्यावर. दोघं एकत्र हलले तर ठीक. एक आधी हलला आणि दुसरा मागनं, तर तिथं दुखणं. सुतभर असतं ते, पण हाताला लागतं. मी शाळेचं तोंड नाय पाहिलं, तिकडं पेठ गावाकडनं आलो तेव्हा गाडीच्या नंबरपाटीवरचा आकडा वाचता येत नव्हता मला. पण माझ्या मेस्तरीनं बोट धरून बोल्टावर ठेवलं आणि म्हणाला, कळलं का? मी म्हणलो, कळलं. चाळीस वर्षं तेवढ्यावर भाकरी खाल्ली. सनीला पण तसंच शिकवलं. सनी — माझ्याकडंच कामाला होता, आता अंबडला त्याचं स्वतःचं गॅरेज हाय.

काय बघताय? हा बोटावरचा चट्टा होय? काही नाय, तापलेल्या सायलेन्सरला लागलं परवा. नाय, दुखत नाय. तेच तर — दुखलंच नाय. वास आला तेव्हा हात काढला. घरी बायको ओरडली, तानुबाई, म्हणे तुम्ही काय लाकडाचे झालात का? तिनंच मागं माझ्या अंगठ्यातनं बाभळीचा काटा काढला, मला ठाऊकच नव्हतं काटा हाय म्हणून. डॉक्टर म्हणला साखर. साखरेनं बोटं मरतात म्हणे. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाय. सांगून काय करू? कानानं ऐकून, डोळ्यानं बघून चालतंय की बरंच. चालत होतं.

हिवाळ्यात दिंडोरीचा नवनाथ आला होता. द्राक्षवाला, तुमच्याच वयाचा. हीच तक्रार, अशीच उचललेली जीप. मी खाली निजलो, बोट ठेवलं, म्हणलो — काही नाय रे, टायर बघ, आणि हळू चालव. आठ दिवसांनी ती रस्ता सोडून बागेत घुसली, तारा तोडत. मांडीचं हाड गेलं त्याचं. अजून काठी घेऊन चालतो. कुणी मला एका शब्दानं बोललं नाय. उलट त्याची आई, शकुबाई, द्राक्षाची पेटी घेऊन इथं आली. म्हणे, बाबा, तुम्ही हळू चालव म्हणालात म्हणून पोरगा वाचला माझा. मी पेटी घेतली. पाया पडली ती माझ्या, आणि मी पडू दिलं. द्राक्षं तिथं रॅकवर सुकून गेली, खाववली नाय.

तुम्हाला कशाला सांगतोय मी हे? उठा. उठा शेखरभाऊ, तुम्हीच निजा खाली. तो पुठ्ठा घ्या पाठीखाली. चाकं जमिनीवर हायत, हँडब्रेक ओढलाय, गाडी न्यूट्रलला हाय, घाबरू नका. मी वर बसतो. सापडली दांडी? तुमच्या डाव्या हाताला, वरचं टोक. तिथं बोल्ट. अर्धं बोट बोल्टावर, अर्धं पत्र्यावर. जोर नका लावू, नुसतं ठेवा, लेकराच्या कपाळावर ठेवतो तसं. ठेवलं? आता मी हलवतो — डावीकडं — उजवीकडं. डावीकडं. बोला ना. घाई नाय, परत करतो. उजवीकडं.

लागलं?

किती? नखाएवढं? नीट सांगा, बोल्ट आधी हलतो का पत्रा? ... बोल्ट. आणि आवाज पण येतो म्हणता, टक करून. पहिल्यांदाच हात लावला तुम्ही, आणि नखाएवढं लागलं. माझं बोट काल तिथंच होतं, भाऊ. त्याच जागेवर. चांगलं दोन मिनिटं.

या बाहेर. डोकं सांभाळा. — नाय, मी नाय करणार. भोक वेल्डिंगनं भरून परत बरोबर मापाचं करावं लागंल, दांडी लांबीला जुळवावी लागंल, आणि शेवटी आवळल्यावर कुणीतरी हात लावून सांगितलं पाहिजे का आता ठीक हाय. ते मला सांगता येणार नाय. सनीला फोन लावा. आणि चालवत नाय न्यायची, दोन किलोमीटर पण नाय — दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन लावून न्या. रविवारी दोस्तांबरोबर जीपा घेऊन पेठच्या घाटात जाणार होता ना, ते राहू द्या, घाट कुठं जात नाय. सनी विचारंल, बाबांनी का नाय केलं? त्याला सांगू नका का माझं... नाय. सांगा. सांगाच. म्हणावं, मंगळूबाबाच्या हाताला आता कळत नाय. त्याला सांगा, तुमच्या त्या जीपवाल्या दोस्तांना सांगा, सगळ्यांना. माझ्या तोंडानं हे परत निघायचं नाय, उद्या कुणी आलं तर मी परत खाली निजंन. जा आता. शाळा सुटायची वेळ झाली, रिक्षानं आणा पोरीला. जा म्हणतो ना.