जित्या माणसाचं नाव

...आणि वरून मलाच म्हणतात, झुंबरबाई, तुम्ही चौकशा फार करता! अहो, नीट चौकशी केली असती तर ही वेळ आली असती का? पीठगिरणीत उभी होते, तुम्हाला सांगते, मागून आमच्या गल्लीतल्या नूतनचा आवाज, "कमलअक्काच्या योगेंद्रचं नाव दिलं म्हणे ऑस्ट्रेलियात, कुठल्या झुडपाला अन् एका किड्याला..." पुढचं गिरणीच्या घरघरीत गेलं. आता आपल्या सावद्यात माणसाचं नाव कशाला देतात? बाकड्याला. पाणपोईला. देवळातल्या पंख्याला. अन् कधी देतात? माणूस गेल्यावर! जित्या माणसाचं नाव कोणी पंख्यावर घालतं का?

दळण तिथंच टाकलं न् पळत सुटले. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर हो! केळीच्या बागेतून किडे आणायचा, माझ्या कानाशी धरायचा, "मावशी, ऐक." त्यातच शिकला, त्यापायीच तिकडं गेला... कमलअक्का शेंगा सोलत बसलेली. मी गळ्यात पडून हंबरडा फोडला, तर तीही रडायला लागली, कोण गेलं ते न विचारताच! गल्ली जमली. उखर्डूनाना डोळे पुसत म्हणे, "लय गुणाचा होता, मले ब्याटरी आणली होती त्यानं!" जित्या माणसाचं नाव कोणी घालतं का, तुम्हीच सांगा!

तेवढ्यात नूतन आली धापा टाकत. "काय वं अक्का, वेड लागलं का? तिकडं जित्यालाच देतात! मान असतो तो!" लावला व्हिडिओ कॉल. योगेंद्र धडधाकट! हातावर हिरवा भुंगा. "आई, हा मीच शोधला. साहेबांनी याच्या नावात आपलं फेगडे आडनाव घातलं. एका झुडपालाही दिलं!"

काय हसली हो कमलअक्का! "फेगड्यांचा किडा? बरं बाबा, कोणी फवारणी करू नये म्हणजे झालं." सगळे हसले. मग हळूच म्हणाली, "दिवाळीला कायमचा येतो म्हणाला होतास..."

"आई... मी इथलाच झालो आता. कागदं झाली. तूच ये ना इकडं."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

फोन बंद. गल्ली पांगली. नाना म्हणे, बातमी साफ खोटी निघाली. साफ कशी हो? जित्या माणसाचं नाव... जाऊ द्या. पोरगा ठणठणीत आहे, तुम्हाला सांगते. फक्त त्या दिवशी कमलअक्काच्या घरी चूल पेटली नाही. पिठलं-भाकरी माझ्याकडून गेली.