तिसरा वाफा जागाच राहिला

सन्माननीय अध्यक्ष आणि रेवतीच्या साहेब देवयानीबाई, व्यासपीठावरची जाणती मंडळी आणि करोल बागेतल्या या सभागृहात जमलेल्या माझ्या विसराळू लेकरांनो! विसराळूच म्हणते. मागच्या निरोप समारंभाला तुम्ही हार आणायला विसरलात, आणि त्याआधीच्याला तर पाहुण्यांनाच. म्हणून हे भाषण मी रेवतीच्या हाताखालच्या केतनकडून लिहून घेतलंय. मला अक्षर येत नाही, मला आठवतं.

आमच्या रेवतीची नागपूरला बदली झाली. तिच्यामागून मीही निघाले. माझ्या या नातीनं इथे काय केलं? गुरुग्रामच्या पलीकडे एक जमीन आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून फोडून तिच्यात शिसं मुरलेलं. तिथे हिनं भाताच्या तुसाची राख मिसळली आणि पालक लावला. मी विचारलं, "राखेनं शिसं जातं का गं?"

"जात नाही, आजी. राखेला धरून बसतं. मग मुळांत फारसं चढत नाही."

"म्हणजे निजतं?"

"चलो, निजतं म्हण!"

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मला ती जमीन दिसते. राखाडी दुलई ओढून शिसं गाढ झोपलेलं, आणि त्याला जाग येऊ नये म्हणून पालकाची मुळं चवड्यांवर चाललेली.

पण तीन वाफ्यांतला तिसरा जागाच राहिला. त्याच्या पानांत शिसं उतरलं. रेवतीनं अहवालात लिहिलं, चूक माझीच असावी. आणि त्या एका वाफ्यापायी हे काम आता बंद होणार, असं कानावर आलंय.

मंडळी, चूक कोणाची? तिसऱ्या वाफ्याची राख चाळायला तिनं सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आणली होती. घरात डबाभर राख, आणि माझं पितळेचं घंगाळ काळं! कोणती बाई हात आवरेल? निम्मी राख घासण्यात संपली. घंगाळात तोंड दिसायला लागलं, तेव्हा कळलं की आता तोंड लपवायला हवं. खालच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली आणि डबा होता तसा भरून ठेवला. राख ती राख, असं वाटलं.

इथे केतनचं पेन थांबलं होतं. "यार आजी, हे लिहू?"

"लिही. ठळक लिही."

रेवती, अशी बघू नकोस. तुझा हात चुकला नव्हता, पोरी. देवयानीबाई, अहवालातलं ते वाक्य खोडा, आणि शेजारी नवा वाफा खऱ्या राखेनं लावू द्या. म्हातारीचं एवढंच मागणं.

इतका वेळ न जांभई देता ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. घंगाळाचं मात्र विसरू नका. आणि केतन, नव्या वाफ्याची पहिली जुडी तपासायला दे. निर्धोक निघाली, तरच दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून नागपूरला पाठव. डाळ-दाणे मी भिजवून ठेवते. शिजवायची पानंच, पण जुडी मुळांसकट पाठव. ती मुळं मला एकदा जागेपणी बघायची आहेत.