खिळ्यावरचा पेला

जुन्या पबाशेजारच्या लॉजवर न्याहारी करताना हेस्टरला मागच्या टेबलावरचं बोलणं ऐकू आलं. पबमालक टॅपस्कॉट आणि गावची लव्हडे.

"काका, बाबा हॉस्पिटलात त्यांचा पेला मागताहेत. तुमच्या पबात खिळ्यावर टांगलेला, रोज प्यायचे तो."

"पोरी, रंगाऱ्याने भिंत रंगवायला सगळ्या गिऱ्हाइकांचे पेले उतरवले आणि कसेही टांगले. त्याला काय, भिंतीशी मतलब."

"पेल्यांवर नावं नव्हती?"

"नावं कशाला? ज्याचा त्याला ठाऊक. नाहीतर शेजारी बसणाऱ्याला. तेही सगळे गेले. ने कुठलाही."

"दिसत नाही त्यांना. पण हाताला कळेल."

"मग सगळेच ने. चाचपू दे म्हाताऱ्याला."

लव्हडेचा चमचा कपात वाजत राहिला.

"हात हलतो ना त्याचा?" टॅपस्कॉटने विचारलं.

"कालपर्यंत हलत होता."