भिंतीवरचे देशपांडे काका

मला कुणी "निर्मातेसाहेब" म्हटलं ना, की दिल्लीतल्या द्वारकेचे देशपांडे काका आठवतात आणि मान खाली जाते.

काका मंत्रालयातून रिटायर झालेले. शूटिंगसाठी त्यांचा फ्लॅट मी कधीही मागावा आणि त्यांनी चावी काढून द्यावी. बदल्यात एकच म्हणणं, "मला एकदा टीव्हीवर आण रे."

नवी हिंदी मालिका सुरू झाली तेव्हा मी त्यांचा फोटो मागून घेतला. म्हटलं, "घरातल्या कर्त्या पुरुषाचा रोल आहे, काका. सगळी गोष्ट तुमच्याभोवती फिरते. पहिल्या भागात फक्त फोटो दिसेल." यार, यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पहिला भाग बघायला काकूंनी शेजारपाजार गोळा केला, सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी केली. मलाही आग्रहाने बोलावलं. पडद्यावर काका आले, कोट घातलेले, हसरे, आणि गळ्यात चंदनाचा हार. खाली सून हुंदके देत होती, "बाबूजी, आप होते तो..."

काकू उठून आत गेल्या.

काकाच म्हणाले, "अरे, फ्लॅशबॅक असतो ना. त्यात येईन मी." मग माझ्याकडे बघून, "येतो ना रे?"

मी म्हटलं, "बिल्कुल, काका. पुढे आहे."

मालिकेला आता दुसरं वर्ष लागलंय. काका एकही भाग चुकवत नाहीत.