पासवाला बाहेर

...अजी, सरका थोडं, बसू द्या मले बी या बाकड्यावर! नाही नाही, तिकीट नाही पाहून राहिलो तुमचं, मी टीसी नाही, मी दादाजी, अजनीच्या रेल्वे क्वार्टरात राहतो, ऑफिसात हेडक्लार्क आहो, आन् आता तुम्ही म्हणान का बाप्पा, रेल्वेचा येवढा माणूस, तं तिकडं फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममध्ये पंख्याखाली काहून नाही बसत, इथं प्लॅटफॉर्मवर घाम काहून पुसून राहिला... तेच तं सांगतो ना! पासवाला बाहेर, गोतावळा अंदर! कोणत्याच रूलबुकात नाही हा कायदा, पण आमच्या घरी आहे.

तुम्हाले सांगतो, मी हेडक्लार्क झालो ना, तं ऑफिसात पेढे वाटले, लोकं म्हणे पगार वाढला, खुर्ची वाढली, आन् माह्या मनात एकच... फर्स्ट क्लासचा पास! गाडीतल्या गादीसाठी नाही हो, गादीचं काय घेऊन बसले! मले पाहिजे होती वेटिंग रूममधली आरामखुर्ची. पाह्यली आहे का तुम्ही? वेताची, लाकडाचे लांब हात असे पुढं निघालेले, त्याच्यावर दोन्ही पाय टाकाचे, वरून पंखा, तोंडावर पेपर, आन् डोळे मिटाचे... साधा क्लार्क होतो तवापासून दारातून पाहून राहिलो होतो मी तिले!

पहिला पास काढला सांचीचा. माह्या बुढीले, म्हणजे मायले, बायजाबाईले, स्तूप पाहाचा होता. बुढी, माही बायको अंजना, पोट्टे आन् मी. गेलो आत. दारावरचा ओमप्रकाश उठून उभा राह्यला, "आइये साब, आइये माताजी!" आता बुढीले जन्मात कोणी माताजी म्हटलं नव्हतं, ते मांगं वळून पाहे, का कोण माताजी आली म्हणून! मी म्हटलं, बस माय. आन् कोणती खुर्ची दाखवली? तेच! पोराचं मन आहे जी, दुसरं काय. तं बुढी खालीच बसाले लागली, फरशीवर! पारशिवनीकडं मालगुजाराच्या ओसरीखाली जन्म गेला तिचा, खुर्ची म्हटली का ते दुसऱ्याची. मी दंडाले धरून वर बसवली. तिनं दोन्ही हातानं खुर्चीचे हात घट्ट धरले, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् हळूच मले म्हणते, "दादा, इथून कोणी उठवत नाही ना गा?"

मी छाती फुगवून म्हटलं, "नाही वं माय, कोण उठवते? आपला पास आहे!"

डोळ्यात पाणी आलं तवा, खोटं काहून बोलू. पण बोलून बसलो ना! तिथंच फसलो.

कारण बुढी सांचीहून आली तं स्तुपाचं एका वाक्यात आटपलं आन् खुर्चीचं दोन महिने सांगत होती. म्हणे, "एकटीनं बसून काय करू गा, आपल्या लोकाइनं बी बसून पाह्यलं पाहिजे!" झालं. तवापासून आम्ही कुठं बी निघालो का पोचवाले अख्खं गणगोत हजर. माहा लहान भाऊ लहानू, तो पारशिवनीहून येते, बायको-पोट्टे घेऊन, म्हणते, "दादा, त्या वरून पडते त्या पाण्याखाली जरा पोट्टे धुऊन घेतो!" त्याची बायको आरशासमोर अशी उभी का जशी आज तिचंच लग्न आहे. आन् मी? "दादा, सुराही भरून आण गा." आणली. "दादा, चहा सांगून ये." सांगितला. परत येतो तं खुर्चीवर कोणीतरी पाय टाकून घोरते! आन् जरा रिकामी झाली, टेकतो... का गाडी आली! प्रत्येक खेपेले! पासवाला बाहेर, गोतावळा अंदर!

आता खरी गोष्ट आयका. लहानूची पोरगी, प्रेमिला. शाळेसाठी माह्याच घरी वाढली, मले मोठेबाबा म्हणते, माही जीव की प्राण आहे ते पोट्टी. पण तोंड! दोन ठिकाणचं लग्न मोडलं होतं तिचं, तोंडापायी. पहिल्यानं विचारलं, "स्वयंपाक येते का?" तं हे म्हणते, "येते, तुमच्या पोराले येते का?" गेले ते. दुसऱ्यानं म्हटलं, "चालून दाखव." तं चालत गेली ते शेजारच्या घरी जाऊन बसली, परत आलीच नाही! लहानूची झोप उडाली होती जी. वरतून दाखवत नाही, पण माही बी.

मंग गोंदियाचं स्थळ आलं. केशव, रेल्वेतलाच पोरगा, चांगला. त्याइले जायाचं होतं वर्ध्याले, नागपूरले गाडी बदलाची, मधात टाइम होता, तं निरोप आला का पोरगी स्टेशनवरच दाखवा. आमची बुढी म्हणते, "दादा, तुह्या खोलीत दाखवू!" माही खोली! जसा रेल्वेनं मले हुंड्यात देली! पण योग असा, आमचा भुसावळचा पास त्याच दिवसाचा. गेलो सगळे. अंजनानं डब्यात पोहे, लहानूनं संत्र्याची टोपली, आन् पोरीले घरून निघतानी शंभरदा सांगितलं... बोलू नको, उठू नको, मान वर करू नको!

तिकडून त्याइचा बी लवाजमा आला. खोली भरली. आन् ओमप्रकाश माह्या कानाशी येते, "साब, मैंने कुछ देखा नहीं. लेकिन आज बड़े साब का राउंड है. जितनी कुर्सी, उतने आदमी. उधर के एक को निकाला, अब इधर का भी एक निकालो." मी सगळ्याइकडं पाह्यलं. सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं. अंजना पोहे पाहून राहिली, लहानू छत पाहून राहिला, आन् बुढीनं... बुढीनं खुर्चीचे हात धरले. घट्ट. तसेच. आता सांगा, मी कोणाले उठवू? मीच उठलो.

बाहेर आलो, याच बाकड्यावर एक माणूस भुईमुगाची फल्ली सोलून राहिला होता. म्हणते, "जयभीम. बसा. तुम्हाले बी काढलं?" मी म्हटलं, जयभीम, काढलं ना जी, पास माहा आन् मलेच काढलं! तो म्हणते, "माहा बी तोच हाल! मी धोंडबा, गोंदियाले ड्रायव्हर आहो, पास माहा, भाचा माहा, आन् बहीण म्हणते धोंडबा, तू बाहेर बस, तुले इंजिनाजवळ उभं राहाची सवय आहे!" मी म्हटलं, भाचा? केशव? तो म्हणते, हो... तुमची पोरगी? मी म्हटलं, पुतणी. असे हसलो आम्ही, फल्ली नाकात गेली!

मंग तो हळूच म्हणते, "खरं सांगा, पोरगी कशी आहे?" आता काय सांगू? मनात म्हटलं, बाकी काही नको, एकच गोष्ट, आज पोरीले तेवढं तोंड बंद ठेवून बसू दे. आन् तेवढ्यात पाहतो तं काय... प्रेमिला! वेटिंग रूमच्या दारातून सरळ बाहेर! पदर खोचलेला, हातात पोह्याची प्लेट! मी ओरडलो, "अवं बयो, जा अंदर! तिसरं बी मोडतं का?" तं म्हणते, "मोडू द्या. ज्याच्या पासवर सारे बसले तो माणूस उपाशी बाहेर बसला, आन् मी तिथं मान खाली घालून काय पोहे खाऊ? त्याइले सांगून आली, मोठेबाबाले देऊन येते."

संपलं, म्हटलं. गेलं गोंदिया! आन् तिच्या मांगं पाहतो तं तो पोट्टा येऊन राहिला... केशव! त्याच्या बी हातात प्लेट! म्हणते, "मामाजी, घ्या, तुम्ही बी खाल्लं नाही." दोघं दोन प्लेटा घेऊन समोरासमोर उभे. तो तिच्याकडं पाहते. ते बी मान वर करून चांगली पाहते, लाजबीज काही नाही! आन् हसली. अंदर बाप्पा देण्याघेण्याच्या बाता चालू, दोन्हीकडचे बुढे गळा खाकरून राहिले, आन् लग्न इथं बाकड्यावर जमलं! धोंडबानं माह्या पाठीवर थाप मारली, चहा सांगितला.

आता तुम्ही म्हणान, हे झालं जुनं, आज काहून बाहेर? अजी, आज पास केशवचा, तो आन् प्रेमिला निघाले गावाले! प्रमोशन झालं, फर्स्ट क्लास लागू झाला, तं म्हणते, "मोठेबाबा, आज स्टेशनवर या, त्या खुर्चीवर तुम्हीच बसाचं. पाय टाकून." सकाळीच येऊन त्यानं खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवला माह्यासाठी! आलो, दाढी करून आलो जी मी, पेपर बी घेतला. पाहतो तं टॉवेल घडी करून बाजूले ठेवलेला, आन् खुर्चीत बुढी! पाय वर, तोंड उघडं, घोरून राहिली! पोचवाले आली होती म्हणे, आन् संगं अख्खं गणगोत, खोली भरलेली. आन् ओमप्रकाश, आता पिकला बिचारा, तो येते तसाच कानाशी... "जितनी कुर्सी, उतने आदमी."

केशव उठला. सरळ चालला बाहेर. पासवाला बाहेर! त्याले एकटं कसं बसू देऊ? आलो मी बी. हा पाहा, तुमच्या बाजूले फल्ली सोलून राहिला ना, हाच तो, जावई आमचा. लाजते.

काय म्हणता, बुढीले उठवा? कोण उठवंल जी! मीच तं शब्द देऊन बसलो तिले... केशव, फल्ली दे गा इकडं. आन् तुम्ही काहून उठता? बसा, बसा... इथून बी कोणी उठवत नाही.