मिश्रीआधीचा नमुना

खरं सांगू का, निपाणीला परत येताना मला वाटलं होतं, माझं संशोधन ऐकायला माणसं गोळा होतील. चार महिन्यांत लोकांनी विचारलं ते फक्त माझ्या लग्नाचं.

काम तसं सांगायला सोपं आहे. पेशीला ‘वाढ’ म्हणून निरोप पोचतो. निरोगी तोंडात तो वेळेवर थांबतो, कॅन्सरमध्ये थांबतच नाही. तंबाखू त्या निरोपाचं काय करते, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी विडी वळणाऱ्या बारा बायकांच्या गालाच्या आतला, सकाळी तंबाखू लागण्याआधीचा नमुना हवा होता. “काही न खाता, तोंड स्वच्छ करून या,” एवढंच मी सांगितलं.

बाराही जणी वेळेवर आल्या. सगळ्यांचे दात काळे.

“आक्का, मिश्री लावून आलात?” मी त्यांच्यातल्या थोरल्या शेवंताक्कांना विचारलं.

“मग? तूच म्हनलीस न्हवं, तोंड सोच्छ कर म्हनून. म्या तर दोनदा लावली.”

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. महिन्याची तयारी वाया गेली होती. मला हसू फुटलं ते थांबेना. मान वर केली, तर सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

“एकटीच हसतीस गं,” आक्का म्हणाल्या. “जोडीला कोन न्हाय व्हय हितं?”

“न्हाय आक्का,” मी म्हटलं, आणि माझं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं, आता त्यांना बोलवायचं नाही. मिश्रीची डबी उघडायच्या आत आपणच आक्कांच्या दारात जायचं, आणि नमुना घेऊन झाला तरी लगेच उठायचं नाही.