निल्याचा वाघ

खेळणाऱ्यांना गृहीत धरता आणि वर विचारता, पोरं गेली कुठं? मग ऐका. तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीचा तो मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ. संगमनेरच्या कॉलेजात आमची सगळी टोळी खेळायची. शेवटी उरलो मी आणि निल्या. त्यानंही सोडू नये म्हणून परवा त्याच्या घरीच जाऊन बसलो.

म्हटलं, "एक डाव टाक. तुझा वाघ आहे की."

वाघ म्हणजे त्याचा हुकमी पत्ता, अख्खी सुट्टी खेळून मिळवलेला. निल्यानं खेळ उघडला, अपडेट होईपर्यंत चहा गार झाला. मग त्यानं वाघ टाकला आणि ऑनलाइन समोर आलेल्या कुणाच्या तरी ससा नावाच्या नव्या पत्त्यानं तो मारला.

"वाघाची ताकद कमी केलीय," मी अपडेटची सूचना वाचून सांगितलं. "ससा विकत घ्यावा लागेल."

"मागं हत्तीचं हेच केलं. किती वेळा नव्यानं शिकायचं, गड्या?" म्हणत निल्यानं खेळच काढून टाकला.

मी त्याच्या आईकडं वळलो. "काकू, तुम्ही तरी सांगा याला, जरा दम धर म्हणावं."

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी सासू बी रोज नियम बदलायची. कवर दम धरनार? निघालो आमी येगळं."